कोर्टात नेण्याआधी आत्याला अंघोळ घातली

माझा स्वभाव तापट आहे, हे मी कधी लपवलं नाही. देहूरोडच्या लष्करी डेपोत मी कामाला होते, तिथल्या बायका पाठीमागे मला फटाकडी म्हणायच्या, ते मला माहीत होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. पण ज्या वर्षी रागावण्याची खरोखर गरज होती, त्या वर्षीचे सात महिने मी गोड बोलत होते, नमस्कार करत होते, जाताना साहेबांसाठी परसातले पेरू नेत होते. त्याचीच चीड अजून जात नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती तरुणपणीच विधवा होऊन मळवलीला माहेरी आली. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली, तेव्हापासून तिनेच मला वाढवलं. पावसाळ्यात ती लोकांच्या खाचरात भात लावायला जायची आणि बाकीचं वर्ष स्टेशनाजवळच्या एका बंगल्याची झाडलोट करायची. छप्पन साली आमच्या वस्तीने धम्मदीक्षा घेतली, तेव्हा घरातले देव टोपलीत भरून नदीला सोडायला तीच गेली. परत येऊन म्हणाली, "चला, रोज घासायचं तेवढं काम कमी झालं." अशी बाई. बंगल्याच्या पारशी मालकालाही ती तोंडावर सांगायची की तुमचं कुत्रं माझ्यापेक्षा बरं जेवतं.

सत्तर सालाच्या आगेमागे तिच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदू आला. मी आणि माझे यजमान दोघंही डेपोत, सकाळच्या गाडीने जायचं आणि संध्याकाळच्या गाडीने यायचं. मुलं शाळेत. घरात दिवसभर आत्या एकटी. एकदा ती चुलीवर पडता पडता वाचली, एकदा लुगड्याचा पदर पेटला आणि शेजारणीने धावत येऊन विझवला. नोकरी सोडावी तर खायचं काय, आणि न सोडावी तर ही जळून मरायची. अशा वेळी कुणीतरी सांगितलं, लोणावळ्यात तुंगार्लीला तळ्याच्या रस्त्यावर एका बंगल्यात म्हाताऱ्या माणसांसाठी आश्रम आहे, मुंबईचे दानशूर लोक चालवतात, फुकट ठेवतात.

मी बघून आले. फरशी चकचकीत, खाटांवर पांढऱ्या चादरी, भिंतीवर थोर माणसांच्या तसबिरी. व्यवस्थापकांना सगळे साहेब म्हणत; धोतर-कोट घालणारे, बोलणं अगदी मऊ. म्हणाले, "बाई, तुम्ही निश्चिंत राहा, ह्या आता आमच्याच आजी." मला रडू आलं. एका कागदावर त्यांनी आत्याचा अंगठा घेतला, खाली माझी सही. मी चौथी शिकलेली, वाचता येत होतं. पण एवढा देवमाणूस समोर बसलेला असताना त्याचा कागद वाचत बसणं मला उद्धटपणाचं वाटलं.

भेटीची वेळ रविवारी तीन ते चार. पुढच्या व्हरांड्यात बाकं मांडलेली असायची आणि आतून एकेका म्हाताऱ्याला आणून बसवायचे. त्याच दिवशी मुंबईहून मोटारी यायच्या, दानशूर मंडळी साड्या वाटायची, फोटो निघायचे. आत जायला मनाई. "त्यांना विश्रांती लागते," साहेब म्हणायचे. आत्याशी बोलत असताना ते पाठीशी उभे असायचे, आणि मी विचारलं, कशी आहेस, की आत्या म्हणायची, "बरी हाय."

हळूहळू ती उतरत गेली. साहेब म्हणाले, वय झालं. बोलणं कमी झालं. तेही वय झालं. घरून नेलेली भाकरी-चटणी ती भिंतीकडे तोंड करून, न बोलता, भराभर खायची आणि बोटं चाटायची. मी हसून म्हणायचे, "आत्या, म्हातारपणी हावरी झालीस गं." तीही हसायची. मुलांना घरी येऊन सांगायचे की आजीचं पोट आता लहान पोरासारखं झालंय. माझ्या डोळ्यांदेखत माझी आत्या उपाशी होती आणि मी तिची चेष्टा करत होते. ज्या बाईने स्वतः पेज पिऊन मला भात घातला, तिची.

सातव्या महिन्यातल्या एका रविवारी मी निघाले तेव्हा तिने नेहमीसारखी माझी दृष्ट काढली. दोन्ही हात माझ्या गालांवरून फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. ते करताना तिच्या पोलक्याच्या बाह्या कोपराकडे घसरल्या आणि मला तिची मनगटं दिसली. दोन्ही मनगटांभोवती काळपट, खरखरीत वळं पडलं होतं. त्यावर लव नव्हती. एका ठिकाणी कातडं फुटून ओलं झालं होतं.

आमच्या मावळात ते वळं कुणाला शिकवावं लागत नाही. गोठ्यात वाढलेलं पोर ते लांबून ओळखतं. जनावर एकाच दाव्याला फार दिवस बांधून ठेवलं की त्याच्या मानेला दावं काचतं. आधी केस जातात, मग कातडं काळं पडतं, मग चिघळतं. अशी मान असलेली गाय बाजारात कुणी घेत नाही, धन्याला चार लोक नावं ठेवतात.

मी तिचा हात धरला आणि साहेबांना विचारलं, हे काय आहे. त्यांनी वाकून बघितलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "बांगडी काचली असेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षांपूर्वी विधवा झालेली बाई, जन्मभर मोकळ्या मनगटांनी वावरलेली, आणि सात महिने सांभाळणाऱ्या माणसाला तिच्या हातात बांगडी नाही एवढंही दिसलं नव्हतं. मी म्हणाले, "मी हिला आत्ताच्या आत्ता घरी नेते."

साहेबांचा आवाज मऊच राहिला. म्हणाले, तसं नेता येत नाही, तुम्ही लिहून दिलंय. त्यांनी आतून तो कागद आणला. मरेपर्यंत संस्थेच्या देखरेखीत राहीन, मंडळाच्या परवानगीशिवाय जाणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. मंडळ मुंबईला, त्याची बैठक तीन महिन्यांनी. वर म्हणाले, "तुमच्यासारख्यांना आम्ही घेतलं, एवढं तरी ध्यानात ठेवा."

"तुमच्यासारख्यांना म्हणजे कुणाला?" मी विचारलं.

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. चार वाजले होते. आत्याला आत नेलं.

मी फाटकापाशी आले तेव्हा अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. तिथे आश्रमातली स्वयंपाकीण भाजीची पिशवी घेऊन उभी होती. पन्नाशीची बाई, इकडच्याच ठाकरवाडीची. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "रईवारी काय दिसणार हाय तुला? मधल्या वारी ये. दुपारच्याला. मागून ये, तळ्याच्या अंगानं." आणि आत निघून गेली.

बुधवारी मी अर्धी रजा टाकली. तळ्याकडच्या बाजूने करवंदीच्या जाळीतून मागच्या भिंतीशी गेले. एक खिडकी उघडी होती. आधी वास आला. मग आत आठ खाटा दिसल्या. पांढऱ्या चादरी नव्हत्या, नुसती सुंभाची खाट आणि वर गोणपाट. पाच जण मोकळे होते, तिघांचे हात खाटेच्या माचव्याला बांधलेले. त्या तिघांत आत्या, दुसऱ्या खाटेवर. चिंधीने बांधलं असतं तर निदान म्हणता आलं असतं की पडू नये म्हणून काळजी घेतली. ते चक्क दावं होतं, गुरांचं, आठवडी बाजारात मिळतं ते. तिचं लुगडं ओलं होतं आणि त्यावर माश्या बसल्या होत्या. मी हळूच हाक मारली. ती म्हणाली, "आज रईवार हाय व्हय?"

पुढचं मला नीट आठवत नाही. मी ओरडले एवढं खरं. तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. माळी आणि एक गडी धावत आले, दंडाला धरून मला फाटकाबाहेर काढलं आणि कडी लावली. रस्त्यावरून सहलीची मंडळी चिक्कीचे पुडे घेऊन चालली होती, ती थांबून बघायला लागली. मी वेडी आहे असंच त्यांना वाटलं असणार.

तिथून जवळच्या चौकीवर गेले. हवालदार वयस्कर, स्वभावाने वाईट नव्हता. त्याने पाणी दिलं. पण आश्रमाचं नाव काढल्यावर लिहिता लिहिता थांबला. "अहो बाई, ती देवमाणसं आहेत. साहेब लोकांचं काम. म्हातारं माणूस उठतं, पडतं, बांधावं लागतं कधी कधी." मी विचारलं, तुमच्या आईला बांधाल? मग त्याने वहीत दोन ओळी लिहून घेतल्या आणि म्हणाला, यापुढचं कोर्टाचं काम, वडगावला जा.

वडगाव आमच्या तालुक्याचं गाव, कोर्ट तिथेच. डेपोतल्या युनियनवाल्याने एका वकिलाचं नाव सांगितलं. किराणा दुकानाच्या माडीवर त्यांची खोली. बांधाचे आणि वाटण्यांचे खटले चालवणारा माणूस, पान खाणारा, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. मी बोलायला सुरुवात केली आणि माझा तोंडाचा पट्टा सुटला. त्यांनी हात वर केला. "बाई, राग घरी ठेवा. मला फक्त दिसलं ते सांगा. कुठला वार, किती वाजले, कुठला हात, कशाने बांधला."

मला त्यांचाही राग आला. पण मी सांगितलं. सांगताना लक्षात आलं की मला पुष्कळ दिसलं होतं. भिंतीकडे तोंड करून खाणं. पाठीशी उभं राहणं. आत जायची मनाई. उतरलेलं अंग. प्रत्येक गोष्ट मी बघितली होती आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याने दिलेलं कारण खरं मानलं होतं. वकील सगळं लिहून घेत होते. मी विचारलं, त्या अंगठ्याचं काय?

"घर लिहून देता येतं, जमीन लिहून देता येते," ते म्हणाले. "माणूस लिहून देता येत नाही. कोंडून ठेवणं हा गुन्हा आहे, कागद असो नसो." त्यांनी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचं ठरवलं. अर्ज मंजूर झाला की पोलीस जाऊन आत्याला कोर्टापुढे हजर करतील, सरकारी डॉक्टर तपासतील आणि तिला कुठे राहायचं ते मॅजिस्ट्रेट तिलाच विचारतील. मी म्हणाले, आणि नाही मंजूर झाला तर? ते म्हणाले, तर मंडळाची बैठक तीन महिन्यांनी. आत्या तीन महिने काढणार नव्हती, हे मला खिडकीतूनच कळलं होतं.

माझी शपथेवर जबानी झाली आणि मंगळवारी हुकूम निघाला. गुरुवारी सकाळी तोच हवालदार, एक शिपाई आणि ओळख पटवायला मी, असे आम्ही तुंगार्लीला गेलो. दावं कुठेच नव्हतं. खाटांवर चादरी होत्या. पण आत्याला धुवायला त्यांना वेळ मिळाला नव्हता, किंवा सुचलं नव्हतं. ती त्याच लुगड्यात होती. पाठीला लुगडं चिकटलं होतं, केसांच्या जटा झालेल्या, नखांत काय होतं ते सांगवत नाही. आम्ही तिला टांग्यात घालून स्टेशनवर आणलं आणि गाडीने वडगावला नेलं. डब्यात लोक नाकाला रुमाल लावून दुसऱ्या बाकांवर गेले. दहा वाजता पोचलो. डॉक्टर एक वाजता बघणार होते, कोर्ट दोनला पुकारणार होतं. वकील दुसऱ्या खटल्यात उभे होते.

आता जे मी केलं ते कुणीही आमच्यातली बाई करील. डेपोतली माझी एक मैत्रीण वडगावलाच राहायची. मी हवालदाराला म्हणाले, हिला असं कोर्टातल्या साहेबांपुढे कसं न्यायचं? तो म्हणाला, "व्हय की, अंघोळ-बिंघोळ घाला. चांगलं दिसत न्हाई." तो स्वतः मैत्रिणीच्या ओट्यावर चहा पीत बसला आणि आम्ही दोघींनी परसात चूल पेटवली. आमच्याकडे कचेरीत जायचं म्हणजे डोक्याला तेल लावून, भांग पाडून, ठेवणीतलं नेसून जायचं. साहेबापुढे गबाळं गेलं की तो आपल्याला माणसात धरत नाही, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. आणि त्यात आम्ही कालपरवापर्यंत लोकांच्या अंगणात उभं राहून पाणी मागणारे. आत्यानेच मला शाळेत घालायला नेताना पहाटे उठून दगडाने घासून अंघोळ घातली होती.

आम्ही तिला दोन घंगाळं कढत पाण्याने न्हाऊ घातलं. चिकटलेलं लुगडं भिजवून भिजवून सोडवलं. ते इतकं घाण होतं की मैत्रिणीने काठीने उचलून पाण्याच्या चुलीतच घातलं. जखमा धुतल्या, तेलात हळद कढवून मनगटांना आणि पाठीला जाड लावली. जटा कापल्या, खोबरेल लावलं, नखं काढली. मैत्रिणीचं कोरं लुगडं नेसवलं, लांब बाह्यांचं पोलकं घातलं. दूध-भाकरी कालवून भरवली. आत्याच्या तोंडावर तजेला आला. मी तिच्याकडे बघितलं आणि सात महिन्यांत पहिल्यांदा माझ्या जिवात जीव आला.

डॉक्टरांनी पाच मिनिटं बघितलं. लिहिलं काय, तर प्रकृती वयोमानाप्रमाणे अशक्त, शरीर स्वच्छ, केसांची निगा राखलेली, हातांवर जुने व्रण, कारण सांगता येत नाही, औषधोपचार झालेला दिसतो. दीड वाजता वकील कोर्टाच्या पायऱ्या उतरून आले. त्यांनी तो कागद वाचला, आत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "बाई, हे तुम्ही केलंत?" मी हो म्हणाले. त्यांनी कपाळाला हात लावला. "ते लुगडं कुठाय?" मी चुलीबद्दल सांगितलं. ते पायरीवर खालीच बसले. मग म्हणाले, "माझीच चूक. मी सांगायला हवं होतं. मला वाटलंच नाही." मला मात्र तेव्हा स्वतःपेक्षा कायद्याचाच राग आला. कायद्याला माझी आत्या घाणीत हवी होती. माश्यांसकट हवी होती. माणसासारखी नेली म्हणून तिचं खरं खोटं ठरणार होतं.

झालंही तसंच. साहेब पुण्याहून मोठा वकील घेऊन आले होते. तो आत्याकडे बोट दाखवून म्हणाला, बघावं कोर्टाने, तेल घातलेले केस, हळद लावलेली, स्वच्छ वस्त्र, ह्याला छळ म्हणतात का? मी जागेवरून ओरडले, "तेल मी घातलं." मॅजिस्ट्रेटने मला बसायला सांगितलं. चष्मा लावणारा तरुण माणूस, फार कडक नाही. पण लिहायचं ते समोरच्या कागदावरूनच लिहिणार. साहेब कोपऱ्यात हात जोडून उभे, चेहऱ्यावर तेच मऊ हसू. मला वाटलं, उठावं आणि दोन द्याव्यात. डेपोतून परस्पर कोर्टात आलेल्या यजमानांनी माझा पदर धरून ठेवला होता.

मॅजिस्ट्रेटने आत्यालाच विचारायचं ठरवलं. तिला पिंजऱ्यापाशी खुर्ची दिली. "आजी, तुम्हाला आश्रमात बांधून ठेवतात का?"

पारशी मालकाला तोंडावर बोलणारी बाई. देव नदीला सोडून आलेली बाई. ती आता बोलेल आणि ह्या मेल्याचं हसू उतरेल.

"न्हाई साहेब," आत्या म्हणाली. "लय चांगली मान्सं हायत."

"जेवायला पोटभर देतात?"

"देत्यात की."

आमचे वकील खाली बघत होते. मी खिडकीतून बघितलेलं, मी शपथेवर सांगितलेलं, सगळं हिनेच खोटं पाडलं. क्षणभर मला तिचाच इतका संताप आला की वाटलं, राहा मग तिथे, मर. हे मी मनात म्हटलं, आणि आज लिहिते आहे.

मॅजिस्ट्रेटने मान हलवली आणि लिहायला घेतलं. मग कोर्टाच्या पट्टेवाल्याला खूण केली की आजींना बाजूला बसवा. पट्टेवाला भला माणूस. तो वाकून तिच्या जवळ गेला, दंडाला हात लावला आणि म्हणाला, "चला आजी, आता पडा जरा." तिला दिसत कमीच होतं. एक पुरुष, दुपारची वेळ आणि ते शब्द. आत्याने दोन्ही हात पुढे केले. मनगटं एकमेकांना जुळवली, मुठी मिटल्या आणि हात थोडे आतल्या बाजूला वळवले, दुखऱ्या जागी दोर येऊ नये म्हणून. आणि तशीच वाट बघत बसली.

पट्टेवाला मागे सरला. त्याला काय करावं कळेना.

मॅजिस्ट्रेटची लेखणी थांबली. मग त्याने विचारलं, "आजी, हात कशासाठी पुढे केलेत?"

आत्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली. तिला प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. "बांधायचं न्हाई व्हय?" ती म्हणाली.

पुण्याचा वकील उठून काहीतरी बोलायला लागला. मॅजिस्ट्रेटने त्याला थांबवलं. पट्टेवाल्याचे शब्द, आत्याचे हात, आत्याचं बोलणं, सगळं त्याने जसंच्या तसं लिहायला लावलं आणि स्वतः खाली उतरून तिच्या पोलक्याच्या बाह्या वर करून हळदीखालचं वळं बघितलं. हळद त्याच्या बोटांना लागली. तो म्हणाला, माझ्या वडिलांकडे गुरं होती. एवढंच बोलला. मग जागेवर जाऊन त्याने हुकूम दिला की ही बाई मोकळी आहे, कुठल्याही कागदाने बांधलेली नाही, तिला आजच भाचीच्या स्वाधीन करावं, आणि आश्रमातल्या बाकीच्या माणसांचीही पोलिसांनी सरकारी डॉक्टरांना घेऊन जाऊन तपासणी करावी.

साहेबांवर खटला झाला. दोन वर्षं चालला. स्वयंपाकीण साक्षीला आली, कामाला मुकली, तरी आली. साहेबांना दंड झाला. तुरुंगात एक दिवसही काढला नाही. मुंबईच्या दानशूर मंडळींनी पत्र लिहिलं की आम्हाला काही ठाऊक नव्हतं. रविवारी येऊन फोटो काढणाऱ्यांना कसं ठाऊक असणार? वकिलांनी आणि मी उरलेल्या सात जणांच्या नातेवाइकांना पोस्टकार्डं टाकली. तिघांकडचे आले. एकाने उलट लिहिलं, आश्रमात ढवळाढवळ करू नका, आमची सोय बिघडते. ते कार्ड मी फाडून टाकलं. ठेवायला हवं होतं, दारावर चिकटवायला.

आत्या घरी आली. माझ्या धाकट्या नणंदेला आम्ही गावाहून आणून ठेवलं, दिवसा ती बघायची. हे आधीही जमलं असतं. जखमा महिन्याभरात भरल्या, वळं राहिलं. दुपारी जेवण झालं आणि कुणी म्हणालं, आत्या, पड जरा, की तिचे हात आपोआप पुढे यायचे. सुट्टीच्या दिवशी ते बघून मी आत चुलीपाशी जाऊन भांडी आपटायचे. मग मी युक्ती केली. हात पुढे आले की त्यांत चहाचा पेला ठेवायचा. दिवाळीपर्यंत ती चहा उशिरा आला की कुरकुरायला लागली, साखर कमी पडली की मला नावं ठेवायला लागली. तोंड परत आलं. तेव्हा माझी हिंमत झाली आणि जे मनात सलत होतं ते मी विचारलं.

"आत्या, कोर्टात खोटं का बोललीस? त्या माणसाला भ्यालीस?"

"त्याला कशाला भिऊ," ती म्हणाली. "तो कोन माझा?" तिने चहा संपवला, पेला चाचपत खाली ठेवला. "कोर्टातल्या साहेबाला खरं सांगितलं असतं, तर त्यानं पयलं काय इचारलं असतं? म्हातारे, तुला तितं ठिवलं कुनी?"